सूचीची एकवाक्यता : यंत्राची यादी आणि आपला निर्णय



ज्या गुरुवर्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांच्याविषयी अध्यक्षांनी जे सांगितले त्यात भर घालण्याचा अधिकार मला नाही. त्यांना अभिवादन करून मी सरळ विषयाकडे वळतो. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाला बोलावले की संतवाङ्मय, नाटक किंवा फार तर शुद्धलेखन असा विषय अपेक्षिलेला असतो. मी आज ग्रंथाच्या आरंभीच्या चार आणि अखेरच्या वीस पानांविषयी बोलणार आहे. अनुक्रमणिका, चित्रसूची, कोष्टकसूची, संदर्भसूची, नामसूची ही ती पाने होत. आपण ती वाचत नाही, वापरतो. आणि वापरताना अडखळलो तरच त्यांची आठवण काढतो.

या विषयाला निमित्तही आहे. शाळेच्या ग्रंथालयातील जुन्या मराठी पुस्तकांची यादी आणि माजी विद्यार्थ्यांची नामावली अशी दोन कामे आपण हाती घेतली आहेत आणि दोन्ही संगणकावर होणार आहेत. एकदा माहिती भरली की याद्या आपोआप तयार होतील, असे मला उत्साहाने सांगण्यात आले. 'आपोआप' हा शब्द खोटा नाही. पण तो अर्धाच खरा आहे. यंत्र यादी तयार करते. त्या यादीत एकवाक्यता असावी की नसावी, आणि असल्यास कोणती, हे यंत्राला ठाऊक नसते. तो निर्णय माणसाने आधी घ्यावा लागतो व मूळ लेखनातच घालून ठेवावा लागतो. माझ्या आजच्या प्रतिपादनाचे सार एवढेच आहे.

हाताने केलेली सूची

खिळे जुळविण्याच्या काळात अनुक्रमणिका सर्वांत शेवटी होत असे. ग्रंथाचे फर्मे क्रमाने छापून झाले, पृष्ठांक कायम झाले, की मगच कोणते प्रकरण कोठे सुरू होते ते लिहिता येई. म्हणून मुखपृष्ठानंतरचा फर्मा, जो वाचकाच्या हाती प्रथम येतो, तो छापखान्यात शेवटी चढत असे. प्रस्तावनेच्या पानांना 'पाच', 'सहा', 'सात' असे अक्षरी क्रमांक आणि मुख्य ग्रंथाला १ पासून अंक, ही आपल्या मराठी पुस्तकांची जुनी पद्धत या अडचणीतूनच सोयीची ठरली. आरंभीची पाने दोनाने वाढली तरी पुढचे अंक हलत नाहीत.

नामसूचीचे काम याहून कष्टाचे. पाठकोऱ्या कागदांच्या पट्ट्या कापावयाच्या, एका पट्टीवर एक नाव आणि त्याचा पृष्ठांक लिहावयाचा, मग सर्व पट्ट्या अकारविल्हे लावून एका नावाच्या पट्ट्या एकत्र करावयाच्या. माझ्या पिढीतील अनेकांनी प्रबंधाच्या सूची अशाच केल्या. या पद्धतीत वेळ फार जाई, पण तिचा एक गुण होता. प्रत्येक पट्टी माणसाच्या डोळ्यांखालून जात असे. 'ह. ना. आपटे', 'हरिभाऊ आपटे' आणि 'आपटे, हरि नारायण' अशा तीन पट्ट्या हाती आल्या की त्या एकाच माणसाच्या आहेत हे लावणाऱ्याला न सांगता कळे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ आणि १९३८ ते १९५० अशा दीड शतकाच्या मराठी ग्रंथांची सूची केली, तीत संगणकाचा स्पर्श नाही. ती आजही अभ्यासकांना आधार वाटते याचे कारण तिच्यामागे नोंद कशी करावयाची याचा विचार आहे.

आपण बडोदेकरांना तर हे वेगळे सांगावयास नको. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डेन या अमेरिकन ग्रंथपालास येथे आणून राज्याच्या ग्रंथालयांची व्यवस्था त्याच्याकडे सोपविली. पुस्तक विकत घेणे ही ग्रंथालयाची निम्मी बाजू. ते मागणाऱ्यास सापडणे ही दुसरी निम्मी, हे या शहराला शतकापूर्वी पटलेले होते.

यंत्र यादी कशी करते

आता संगणकाची रीत पाहू. स्टॅनफर्ड विद्यापीठातील गणिती डोनल्ड कनूथ यांच्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती निघत असता तिची मुद्रिते त्यांना इतकी कुरूप वाटली की, १९७७ साली त्यांनी स्वतःच अक्षरजुळणीची एक आज्ञावली रचावयास घेतली. तिचे नाव 'टेक्'. पुढे १९८०च्या दशकात लेस्ली लँपोर्ट यांनी तिच्यावर 'लाटेक्' ही अधिक सुलभ व्यवस्था उभारली. शास्त्रीय ग्रंथ आजही मोठ्या प्रमाणावर तीत जुळविले जातात. या व्यवस्थेत लेखक 'हे प्रकरणाचे शीर्षक', 'ही चित्राची ओळ' एवढेच सांगतो. पाने पाडताना यंत्र प्रत्येक शीर्षक आणि त्याचा पृष्ठांक एका वेगळ्या फाईलमध्ये उतरवून ठेवते. दुसऱ्या फेरीत ती फाईल वाचून अनुक्रमणिका जुळविते. अनुक्रमणिका वाढून पुढची पाने सरकली, तर तिसरी फेरी करावी लागते. खिळ्यांच्या छापखान्यातील तीच अडचण येथे आहे. उपाय मात्र काही क्षणांत होतो.

कार्यालयांत वापरल्या जाणाऱ्या लेखन-आज्ञावल्यांतही तत्त्व हेच आहे. शीर्षकास 'शीर्षक' अशी शैली दिली असेल तर यंत्र ते यादीत घेते. नुसती अक्षरे मोठी व ठळक केली असतील तर घेत नाही. माणसाच्या डोळ्याला दोन्ही सारखीच दिसतात, यंत्राच्या लेखी एक शीर्षक आहे आणि दुसरे नुसता जाड मजकूर. एखाद्या स्मरणिकेच्या अनुक्रमणिकेतून सात लेखांपैकी दोनच गायब का झाले, याचे उत्तर बहुधा येथे सापडते.

यातून पहिला नियम निघतो. दुरुस्ती यादीत करू नये, मुळात करावी. अनुक्रमणिकेत चूक दिसली म्हणून तेथेच ती खोडून नीट केली, तर पुढच्या वेळी यादी ताजी होताच आपली दुरुस्ती पुसली जाते आणि चूक परत येते. यंत्राची यादी ही मूळ लेखनाची सावली आहे. सावली सरळ करावयाची तर वस्तूच सरळ ठेवावी लागते.

दिसण्यातील एकवाक्यता

यादी पूर्ण झाली तरी ती एकसारखी दिसेलच असे नाही. लाटेकची ग्रंथासाठी असलेली मूळ मांडणी पाहा. तिच्या अनुक्रमणिकेत प्रकरणांची नावे ठळक असतात आणि नाव व पृष्ठांक यांच्यामध्ये टिंबे नसतात. पोटविभागांची नावे साधी असून त्यांच्यापुढे टिंबांची रांग असते. चित्रसूची व कोष्टकसूची यांत सर्वच ओळी साध्या आणि टिंबांच्या. शिवाय एका प्रकरणातील चित्रे संपून दुसऱ्यातील सुरू झाली की यंत्र दोहोंमध्ये थोडी मोकळी जागा सोडते. अनुक्रमणिकेतील अंतर निराळे असते. प्रत्येक यादी आपल्यापुरती व्यवस्थित असते, पण तिन्ही लागोपाठच्या पानांवर आल्या की तीन वेगवेगळ्या माणसांनी जुळविल्यासारख्या वाटतात. हा यंत्राचा दोष नव्हे. त्याला कोणी निराळे सांगितले नाही, एवढेच.

क्रमांकांचीही अशीच गोष्ट. क्रमांकासाठी यंत्र ठरावीक रुंदीची जागा राखून ठेवते, म्हणजे सर्व शीर्षके एका रेषेत सुरू होतात. '२.३' साठी ती जागा पुरते. प्रकरणे दहाच्या पुढे गेली आणि चित्राचा क्रमांक '१०.१२' झाला की तो शीर्षकाच्या पहिल्या अक्षरावर चढतो. देवनागरी अंकांची रुंदी टंकागणिक बदलते, म्हणून आपल्याकडे हे अधिक वेळा घडते. उपाय सोपा आहे : संपूर्ण ग्रंथात सर्वांत लांब क्रमांक कोणता येणार ते पाहून जागा त्याच्या मापाने आणि सर्व याद्यांत सारखी ठेवावी. शीर्षक दोन ओळींचे झाले तर दुसरी ओळ क्रमांकाखाली न जाता शीर्षकाच्याच रेषेत यावी. पृष्ठांक उजव्या समासाला टेकलेले असावेत आणि शीर्षकाने त्यांच्या जागेत घुसू नये.

चित्राखालची ओळ लिहिताना लेखक चित्राचे वर्णन, छायाचित्रकाराचा उल्लेख, आभार असे सर्व काही तेथे लिहितो. ही सारी ओळ चित्रसूचीत जशीच्या तशी उतरते आणि एका चित्राची नोंद चार ओळी खाते. यासाठी सूचीपुरते लहान नाव वेगळे देण्याची सोय असते. ती सर्व चित्रांसाठी वापरावी किंवा कोणासाठीच वापरू नये. काही ओळींच्या शेवटी पूर्णविराम आणि काहींच्या नाही, काही नोंदी वाक्ये आणि काही नुसते शब्दसमूह, ही विसंगती मजकुरात विखुरलेली असताना नजरेस येत नाही. सूचीत त्या नोंदी एकाखाली एक येतात आणि लगेच डोळ्यांत भरते. म्हणून मुद्रितशोधकाने सूची केवळ सूची म्हणून वाचू नये. संपूर्ण ग्रंथाची शिस्त तपासण्याचे ते सर्वांत स्वस्त साधन आहे.

आणखी एक गोष्ट. प्रस्तावना, ऋणनिर्देश, परिशिष्ट यांना क्रमांक नसतो. लाटेकमध्ये शीर्षकाचा क्रमांक काढून टाकला की ते शीर्षक अनुक्रमणिकेतूनही वगळले जाते. ते हवे असल्यास वेगळे सांगावे लागते. एक परिशिष्ट यादीत आणि दुसरे नाही अशी पुस्तके दिसतात ती यामुळे. यंत्राला भाषा सांगितली नाही तर मराठी ग्रंथाच्या माथ्यावर 'कन्टेन्ट्स' असे रोमन लिपीत छापले जाते आणि मजकुरात देवनागरी अंक असताना यादीत इंग्रजी अंक उतरतात, हेही ध्यानात ठेवावे.

वर्णक्रमाचा प्रश्न

येथवर सांगितलेले जगातील कोणत्याही भाषेला लागू आहे. अकारविल्हे यादीत मात्र आपली भाषा स्वतःचे प्रश्न घेऊन येते.

संगणक अक्षर साठवीत नाही, अक्षराचा संकेतांक साठवितो, आणि वेगळे सांगितले नाही तर संकेतांकांच्या चढत्या क्रमाने यादी लावतो. युनिकोड या जागतिक संकेतव्यवस्थेत देवनागरीची मांडणी भारतीय प्रमाण संकेतावरून घेतलेली आहे. तीत ळ हे अक्षर ल नंतर लगेच येते. आपल्या मराठी वर्णमालेत ळ ह नंतर येतो, त्यामागून क्ष आणि ज्ञ. ळ ने सुरू होणारा शब्द मराठीत नाही, म्हणून हा फरक किरकोळ वाटेल. पण आडनावांच्या पोटात ळ किती आहे पाहा. संकेतांकांच्या क्रमाने 'काळे' हे 'कावळे' आणि 'काशीकर' यांच्या आधी येतील. मराठी वर्णक्रमाने ते त्या दोघांच्या आणि 'कासार' यांच्याही नंतर यावयास हवेत. गोळे, साळुंखे, टिळक, माळी या सर्वांची हीच स्थिती. 'क्षीरसागर' संकेतांकाने क च्या अखेरीस, 'खरे' यांच्या आधी जाऊन बसतात. जुन्या वळणाचा मराठी वाचक त्यांना ह आणि ळ यांच्या पलीकडे शोधतो.

गुजराती वर्णमालेच्या शेवटीही ळ, क्ष, ज्ञ हीच अक्षरे आहेत, म्हणून बडोद्यातील वाचकाला हा क्रम दोन्ही लिप्यांत एकच भेटतो. हिंदी कोशांत मात्र क्ष क च्या पोटात आणि ज्ञ ज च्या पोटात दिलेला असतो. आमच्या इंदूर-ग्वाल्हेरकडच्या बांधवांना त्याचीच सवय असणे स्वाभाविक आहे. दोन्ही रीतींत तर्क आहे. एकाच यादीत मात्र त्या दोन्ही नांदू शकत नाहीत.

अनुस्वाराचा प्रश्न याहून नाजूक. बाराखडीत 'कं' हा 'कौ' नंतर येतो. परंतु मराठी विश्वकोशाचा पहिला खंड 'अंक' या नोंदीने सुरू होतो, म्हणजे तेथे अनुस्वारयुक्त अक्षर प्रथम घेतले आहे. आणि २०१५ साली पूर्ण झालेल्या त्याच विश्वकोशाची अखेरची नोंद 'ज्ञेयवाद' आहे, म्हणजे ज्ञ शेवटी ठेवला आहे. संपादकांनी निर्णय केला आणि वीस खंड तो पाळला. तो कोणाला पटेल, कोणाला पटणार नाही. पण वाचकाला एकदा कळले की पुन्हा शोधावे लागत नाही. संकेतांकांचा क्रमही अनुस्वार प्रथम घेतो. मात्र कोणी 'इन्दूर' असे परसवर्णाने लिहिले आणि कोणी 'इंदूर' असे, तर यंत्र दोघांना एकमेकांपासून दूर नेऊन ठेवते.

शुद्धलेखनातील बदलांचाही येथे परिणाम होतो. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ साली शासनाने स्वीकारले, १९७२ साली त्यांत भर पडली, आणि अनुच्चारित अनुस्वार गेले. त्रिंबक नारायण आत्रे यांचे १९१५ सालचे पुस्तक 'गांव-गाडा' असे छापलेले आहे. आज आपण 'गावगाडा' लिहितो. एका टिंबाने हे पुस्तक 'गा' च्या अगदी आरंभी जाते किंवा 'गाणे', 'गाथा' यांच्या पुष्कळ खाली उतरते. मुखपृष्ठावरील नाव जसेच्या तसे नोंदवावे हा ग्रंथालयाचा धर्म आहे. पण क्रम लावण्यासाठी आधुनिक लेखनाचे एक रूप मागे ठेवता येते. संगणकात दाखवावयाचे रूप आणि क्रमाचे रूप अशी दोन रूपे ठेवण्याची सोय असते. अंकांनाही ती लागते, नाहीतर 'भाग १०' हा 'भाग १' नंतर आणि 'भाग २' च्या आधी येऊन बसतो.

संकेतांकांचा क्रम म्हणजे वर्णक्रम नव्हे, हे युनिकोडच्या कर्त्यांनीही स्पष्ट केलेले आहे आणि भाषेनुसार वेगळा क्रम लावण्याची व्यवस्थाही केली आहे. आपला क्रम कोणता हे मात्र आपण सांगावे लागते.

डोळ्याला एक, यंत्राला दोन

क्रमाच्याही खाली एक थर आहे. १९९०च्या दशकात मराठी जुळणीसाठी जे टंक रूढ होते, त्यांतील पुष्कळांत इंग्रजी अक्षरांच्या संकेतांकांवर देवनागरी आकार बसविलेले असत. कागदावर छपाई सुरेख होई. पण पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे दिसते म्हणून ती अक्षराच्या आधीच साठविली जाई. अशा मजकुराची यादी लावली की 'किरण', 'दिवाकर', 'हिरा' हे शब्द क, द, ह यांच्याकडे न जाता वेलांटीखाली एकत्र गोळा होत. १९९१ सालच्या भारतीय प्रमाण संकेतात आणि युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने साठवण होते, त्यामुळे ही आपत्ती टळली. परंतु त्या काळातील स्मरणिका, नामावल्या यांच्या फाईली आजही संस्थांच्या कपाटांत आहेत. त्या नव्या संकेतांत नीट रूपांतरित केल्याशिवाय कोणत्याही सूचीला वापरता येत नाहीत.

युनिकोडमध्येही संकट पूर्ण टळले असे नाही. बडोद्याचे राजकवी चंद्रशेखर, म्हणजे चंद्रशेखर शिवराम गोऱ्हे, यांचे आडनाव घ्या. त्यातील अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो : ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून, किंवा साध्या र ला हलन्त करून त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. कागदावर दोन्ही तंतोतंत सारखे उमटतात. यंत्राच्या लेखी ही दोन निराळी आडनावे आहेत. एका टंकलेखकाने एक पद्धत वापरली आणि दुसऱ्याने दुसरी, तर नामसूचीत 'गोऱ्हे' दोनदा येते, एकाखाली एक, आणि पृष्ठांक दोघांत वाटले जातात. मुद्रितशोधक कितीही डोळे ताणो, फरक दिसणार नाही, कारण तो कागदावर नाहीच.

'ॲरिस्टॉटल' मधील पहिले अक्षर तर तीन प्रकारे साठविता येते. अ वर चंद्र देऊन लिहिले तर नोंद अ मध्ये जाते. हिंदी वळणाचे ऍ वापरले तर ए च्या जवळ जाते. मराठीसाठी २००८ साली युनिकोडमध्ये घेतलेले ॲ वापरले आणि यंत्राला क्रम सांगितला नाही, तर तिचा संकेतांक सर्व व्यंजनांच्या व अंकांच्याही पुढे असल्यामुळे हा ग्रीक तत्त्वज्ञ ह च्या पलीकडे जाऊन बसतो. वाचक त्याला अ मध्ये शोधतो, सापडत नाही, आणि ग्रंथात त्याचा उल्लेख नाही असे समजून पुस्तक मिटतो.

यादी लावण्यापूर्वी ही सर्व रूपे एकाच रूपात आणणे, ही पायरी म्हणूनच सोडता येत नाही. हे काम यंत्र चोख करते. पण कोणती रूपे समान मानावयाची हे त्याला लिहून द्यावे लागते.

एक व्यक्ती, अनेक नावे

शेवटचा प्रश्न यंत्राच्या आवाक्याबाहेरचा आहे. कृष्णाजी केशव दामले आणि केशवसुत हे एकच, हे कोणत्याही संकेतांकावरून कळत नाही. कविता 'आरती प्रभू' या नावाने आणि कादंबऱ्या चिं. त्र्यं. खानोलकर या नावाने लिहिणारा लेखक सूचीत कोठे असावा? 'ज्ञानेश्वरी', 'श्रीज्ञानेश्वरी' आणि 'भावार्थदीपिका' या एका ग्रंथाच्या तीन नोंदी कराव्यात काय? यांचे उत्तर ग्रंथपालांनी फार पूर्वी दिलेले आहे. एक नाव मुख्य मानावे, सर्व माहिती तेथे द्यावी, आणि उरलेल्या प्रत्येक नावाखाली 'पाहा' अशी एका ओळीची नोंद ठेवावी. कोणते नाव मुख्य, याविषयी मतभेद होतील. ते होऊ द्यावेत. पण निर्णय झाल्यावर तो सर्वत्र एकच असावा. 'डॉ.', 'प्रा.', 'कै.', 'श्री' ही उपपदे क्रमासाठी धरू नयेत, नाहीतर सर्व डॉक्टर एका ठिकाणी आणि सर्व कैलासवासी दुसऱ्या ठिकाणी जमतात.

१९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झाले तेव्हा लेखिकेचे नाव विभावरी शिरूरकर असे छापले होते. माहेरच्या त्या बाळूताई खरे, सासरच्या मालतीबाई बेडेकर. साहित्याच्या इतिहासात ही तीन नावे जुळविणारे अभ्यासक होते, म्हणून त्या हरवल्या नाहीत. आपल्या नामावलीतील विद्यार्थिनींचे काय? शाळेच्या पटावर मुलीचे माहेरचे नाव आहे. नामावलीसाठी आज ती जो अर्ज भरून देईल, त्यावर बहुधा दुसरे आडनाव असेल. यंत्राला दिसणार त्या दोन निराळ्या व्यक्ती : एक जी पटावर होती आणि पुढे कोठे गेली ते ठाऊक नाही, आणि दुसरी जी या शाळेत कधी शिकलीच नाही. चाळीस वर्षांनी मैत्रिणीला शोधणारी बाई तिचे लग्नाआधीचे नावच जाणते. त्या नावाखाली 'पाहा' अशी एक ओळ नसेल, तर निम्मी नामावली निम्म्या वाचकांना निरुपयोगी ठरेल. यादीची एकवाक्यता हा केवळ सौंदर्याचा प्रश्न नव्हे, असे मी म्हणतो ते याकरिता.

जुन्या पुस्तकांच्या यादीविषयीही हेच. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी संस्थांच्या ग्रंथालयांत, आपल्या शाळेतल्याप्रमाणे, सहजी न मिळणारी पुस्तके असतात. एखादे दुर्मीळ पुस्तक येथे आहे हे पुण्या-मुंबईच्या किंवा परदेशातल्या अभ्यासकाला कपाट उघडून कळणार नाही, यादीवरूनच कळेल. सूचीत जे सापडत नाही ते अस्तित्वातच नाही, असे वाचक समजतो आणि पुढे जातो. ते पुस्तक पुढील पन्नास वर्षे कोणी मागत नाही, आणि न मागितलेल्या पुस्तकाला वाळवीपासून कोणी वाचवीत नाही.

काय करावे

म्हणून माझी विनंती अशी आहे. माहिती भरावयास बसण्यापूर्वी एका पानाचे नियमपत्रक तयार करावे. आडनाव आधी की नाव आधी. ळ, क्ष आणि ज्ञ कोठे. अनुस्वार प्रथम की अखेर. अर्धा र आणि ॲ कोणत्या रूपात. जुन्या लेखनाच्या शीर्षकांना क्रमासाठी कोणते रूप. कोणती उपपदे वगळावयाची. पृष्ठांक '१२–१५' असे की सुटे सुटे. विवाहोत्तर नावांसाठी कोणत्या नोंदीकडून कोणत्या नोंदीकडे वाट दाखवावयाची. इतके ठरले की ते सर्वांच्या समोर टांगावे. मग दोनशे नोंदींची एक नमुना यादी काढून मराठी जाणणाऱ्या आणि संगणक न जाणणाऱ्या दोन माणसांकडून तपासून घ्यावी. जेथे ते अडखळतील तेथे नियम सुधारावा, नोंद नव्हे. आणि छापलेल्या यादीच्या आरंभी चार ओळींत आपला क्रम वाचकास सांगावा. जुन्या कोशकारांनी हे सौजन्य दाखविले, आपणही दाखवावे.

या पत्रकातील प्रत्येक मुद्द्यावर दोन मते संभवतात, आणि आपण मराठी माणसे दोनांवर थांबतो असेही नाही. पण वाद माहिती भरण्यापूर्वी झाला तर एका संध्याकाळचा आहे. नंतर झाला तर हजारो नोंदी पुन्हा कराव्या लागतील. शाळेने वर्गात हजेरी घेताना एक नियम आम्हा सर्वांना शिकविला आहे. पटावर नाव असलेल्या प्रत्येकाचे नाव घेतले गेले पाहिजे आणि ते त्याला ऐकू गेले पाहिजे. सूचीचाही नियम याहून वेगळा नाही. पट मांडणारे हात आता यंत्राचे आहेत. नाव घेण्याची जबाबदारी आपलीच राहिली आहे.